प्रमाण देह कोणाचा?



अध्यक्षपदावर बसवलेल्या व्यक्तीने आरंभी आपली अपात्रता सविस्तर निवेदन करावी आणि मग तासभर बोलून ती सिद्ध करून दाखवावी, असा आपल्याकडील परिषदांचा जुना शिरस्ता आहे. त्यातला पूर्वार्ध मी आपल्या अनुमतीने गाळते. उत्तरार्धाचा निवाडा आपण करालच. आरोग्यविज्ञानाचे शिक्षण समाजातील सर्व प्रकारच्या माणसांना सामावून घेणारे कसे व्हावे, हा परिषदेने यंदा मुकर्रर केलेला विषय ऐकायला इतका निरुपद्रवी आहे की, त्याला विरोध करणारे या सभागृहात कोणी मिळणार नाही. आणि ज्या विषयाला कोणाचाच विरोध नसतो त्याचे पुढे काहीही होत नाही, हा समित्यांवर काम केलेल्या आपणां सर्वांचा अनुभव आहे. म्हणून मी तो जरा अडचणीच्या बाजूने मांडणार आहे.

किरणोत्सर्गापासून माणसाचे संरक्षण कसे करावे याचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७५ साली एक जाडजूड अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यात हिशेबाच्या सोयीसाठी एक प्रमाण पुरुष कल्पिला. त्याचे वय वीस ते तीस, वजन ७० किलो, उंची १७० सेंटिमीटर. तो राहतो त्या प्रदेशाचे सरासरी तापमान १० ते २० अंश सेल्सियस. वर्णाने तो गोरा, आणि राहणीने व चालीरीतींनी पश्चिम युरोपीय किंवा उत्तर अमेरिकी. या आयोगाला मी यत्किंचितही दोष देत नाही. इतर ग्रंथ जे मुकाट्याने गृहीत धरून पुढे जातात ते त्याने स्वच्छपणे कागदावर नमूद केले, याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत. मी आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवले, आणि माझ्या विषयातील बहुतेक आकडे, मग ते रक्ताच्या एकूण राशीचे असोत, शरीरातील द्रवाच्या विभागणीचे असोत की विश्रांत अवस्थेतील ऊर्जाव्ययाचे असोत, याच सत्तर किलोच्या गृहस्थाच्या अंगावरून उतरवून घेतलेले आहेत; फरक एवढाच की, पाठ्यपुस्तकात त्याचे नाव, गाव, वर्ण आणि हवामान यांचा उल्लेख नसतो, आणि ज्याचा ठावठिकाणा सांगितलेला नाही तो सगळीकडचाच असला पाहिजे असे विद्यार्थी निमूटपणे समजून चालतो. वस्तुतः प्रमाण ही नेमणूक आहे, निसर्गाची सनद नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीय प्रमाण पुरुषाचे वजन ६० किलोवरून ६५ किलोवर नेले, आणि त्याने कोठेही आकाश कोसळले नाही.

माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे की, कोणताही आकडा, कोणतेही लक्षण आणि कोणतेही चित्र पुढे आले असता ‘हे कोणाच्या देहावरून घेतले?’ हे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लावणे, हाच सर्वसमावेशक शिक्षणाचा गाभा होय. आदिवासींसाठी एक व्याख्यान, स्त्रियांसाठी एक, दिव्यांगांसाठी एक, तृतीयपंथीयांसाठी अर्धे, अशी अभ्यासक्रमाच्या शेपटाला बांधलेली प्रकरणे म्हणजे मूळ ग्रंथ जसाच्या तसा राखून केलेली मखलाशी आहे. प्रमाण अबाधित राहते आणि बाकीची मनुष्यजात अपवादांच्या यादीत जाऊन बसते.

हा केवळ न्यायबुद्धीचा प्रश्न नाही, विज्ञानाच्या अचूकतेचाही आहे, हे पाहण्यासाठी पुण्याच्या पलीकडे जावे लागत नाही. तेथील के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यात जन्मलेल्या बालकांचे वजन सरासरी सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बालके साडेतीन किलोंच्या आसपास होती. एवढ्यावर थांबले असते तर ‘आमची मुले लहान आणि अशक्त’ हा जुनाच निष्कर्ष पुन्हा निघाला असता. परंतु या संशोधकांनी काटेकोर मापांनी दाखवले की, आपल्या बालकांचे स्नायू आणि पोटातील अवयव खरोखर लहान होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. म्हणजे दिसायला कृश आणि घडणीने मेदयुक्त असा हा देह मातेच्या उदरातच तयार होत होता. पुढे २००४ साली याज्ञिकांनी आपले ब्रिटिश सहकारी युडकिन यांच्याशेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले. दोघांचा देहभार निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानेही त्याच वर्षी आशियाई लोकांसाठी २३ या आकड्यापासूनच सावध व्हावे असे सुचवले. एवढे होऊनही, पंचविसाच्या आत निर्देशांक आहे एवढ्यावरून मधुमेहाची शंका झटकून टाकणारे तरुण डॉक्टर आपल्या महाविद्यालयांतून आजही बाहेर पडतात, कारण त्यांच्या ग्रंथात पंचवीस ठळक टाइपात असते आणि तेवीस तळटीपेत.

त्वचेच्या वर्णाची कथा याहून विलक्षण आहे. २०२० साली लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातील मलोन मुकवेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या दोघा अध्यापकांच्या साहाय्याने एक छोटी पुस्तिका तयार केली. तिचा हेतू सोपा होता: जी लक्षणे पुस्तकांत लाल, गुलाबी आणि निळी म्हणून वर्णिलेली असतात, ती काळ्या आणि सावळ्या त्वचेवर प्रत्यक्षात कशी दिसतात ते चित्रांनी दाखवणे. हे काम मोठमोठ्या ग्रंथकर्त्यांच्या दृष्टीतून सुटावे आणि एका विद्यार्थ्याच्या ध्यानी यावे, यात मला आश्चर्य वाटत नाही. प्रश्न त्याच्या अंगाला लागून होता. आपल्याकडील विशेष असा की, हे ज्ञान आपल्याजवळ होते. पंडुरोग पाहायचा तर खालची पापणी ओढून पाहावी, नीलवर्णता जिभेवर शोधावी, दाह असेल तर रंगावर विसंबून न राहता हाताच्या पाठीने ऊब पाहावी, हे आपल्या जुन्या प्राध्यापकांनी वॉर्डात पिढ्यान्‌पिढ्या शिकवले. कुष्ठरोगाचा फिकट आणि बधिर चट्टा तर सावळ्या त्वचेवरच त्यांनी ओळखायला शिकवला. पण ही विद्या तोंडी राहिली. लेखी परीक्षेत दाह ‘लाल’च राहिला, आणि आमच्याच बाह्यरुग्ण विभागात रोज शेकडो सावळे रुग्ण येत असता आमच्या व्याख्यानांच्या पडद्यावर मात्र गोऱ्या कातडीवरील पुरळ झळकत राहिले. यंत्रेही या दोषातून मुक्त नाहीत. साथीच्या काळात घरोघरी बोटाला लावलेला जो प्राणवायूमापक आपण सर्वांनी प्रमाण मानला, त्याविषयी २०२० साली अमेरिकेतील मिशिगनच्या संशोधकांनी दाखवून दिले की, यंत्र समाधानकारक आकडा दाखवत असताना रक्तातील प्राणवायू प्रत्यक्षात धोक्याच्या पातळीखाली गेलेला असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होते, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. अठरापगड वर्णांच्या आपल्या देशात हा प्रश्न पदव्युत्तर प्रबंधांचा विषय म्हणून अग्रभागी यायला हवा होता.

येथवर आपण माना डोलावल्या असतील. आता अडचणीची बाजू. भिन्नता मान्य करा असे म्हणताच आळशी बुद्धी तत्काळ दुसऱ्या टोकाला जाते आणि माणसांच्या जातींवर रोगांच्या चिठ्ठ्या चिकटवू लागते. अमेरिकेत मूत्रपिंडाची कार्यक्षमता काढण्याच्या सूत्रांत रुग्ण कृष्णवर्णीय असल्यास उत्तर एका ठराविक गुणकाने वाढवण्याची तरतूद अनेक वर्षे होती. हेतू कदाचित सद्भावाचा असेल, पण परिणाम असा की, तेच रक्त आणि तोच आकडा असता कृष्णवर्णीय रुग्णाचे मूत्रपिंड कागदावर सोळा ते एकवीस टक्के अधिक निरोगी दिसे, आणि तज्ज्ञाकडे जाण्याची वा प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागण्याची त्याची पाळी लांबे. २०२१ साली हा गुणक काढून टाकण्यात आला. समावेश करण्याच्या नावाखाली केलेली ही नवी कुंपणे जुन्या दुर्लक्षाइतकीच घातक असतात.

विदर्भाच्या या भूमीवर बोलताना सिकलसेलचा दाखला टाळता येणार नाही, कारण दोन्ही प्रमादांचे ते एकत्रित उदाहरण आहे. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी, ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी वर्णन केल्या, आणि पुढे कित्येक वर्षे हा आफ्रिकी वंशाचाच रोग म्हणून शिकवला गेला. १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला आणि त्याच दशकात नागपूरच्या परिसरातही त्याची नोंद झाली. मग आपण काय केले? ‘आफ्रिकी’ हा शब्द खोडला आणि त्या जागी ‘आदिवासी’ लिहिला. वास्तविक विदर्भात हा दोष आदिवासी जमातींप्रमाणेच अनुसूचित जातींत आणि इतर मागास समाजांतही पसरलेला आहे. तेव्हा हाडांच्या वेदनांनी कळवळणारे मूल वर्गातील व्याख्येत बसणाऱ्या जमातीचे नसले की, त्याच्या दप्तरी संधिवाताची नोंद होते आणि साधी द्राव्यता चाचणीसुद्धा कोणाला आठवत नाही.

रोगाचे वर्णनही परक्या अंगावरचे. आफ्रिकी रुग्णाची प्लीहा बालपणीच रक्तपुरवठा तुटून आक्रसते, म्हणून मोठ्या माणसात ती हाताला लागत नाही असे ग्रंथ सांगतात. भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण पुढेही बरेच टिकत असल्याने प्लीहा अनेकदा तारुण्यापर्यंत वाढलेलीच राहते. ग्रंथ प्रमाण मानणारा विद्यार्थी मोठी प्लीहा हाताला लागताच सिकलसेलचे निदान बाद करतो. ग्रंथाच्या बाजूने पाहता त्याची कसूर नाही! आता २०२३ पासून या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे आणि २०४७ हे वर्ष तिच्यापुढे आहे. गावोगाव रक्ततपासणी होईल, रंगीत कार्डे वाटली जातील. परंतु वाहक म्हणजे रोगी नव्हे, दोघे वाहक असता प्रत्येक गर्भधारणेत रोगी अपत्याची शक्यता चारात एक असते, आणि हा दोष केवळ मुलीकडून येत नाही, या तीन गोष्टी चारचौघांत उभी असलेली आई आणि तिची लग्नाची मुलगी यांना अपमान न करता सांगायचे शिक्षण आपल्या कोणत्या प्रात्यक्षिकात दिले जाते? कार्ड दाखवल्यावर मोडलेल्या सोयरिकींची झळ मोहिमेच्या अहवालात कोठल्याही रकान्यात बसत नाही. ती त्या मुलीच्या घराला लागते.

स्त्रियांच्या बाबतीत तर निम्मी मनुष्यजात अपवादांत गेली. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी घेताना प्रबंधासाठी हिंदू स्त्रियांच्या प्रसूतिशास्त्राचा विषय निवडतात, म्हणजे परक्या देशात शिकत असतानाही आपल्या माणसांच्या देहाचा आणि प्रथांचा विचार शास्त्राच्या कक्षेत आणतात, ही गोष्ट मला त्यांच्या पदवीइतकीच महत्त्वाची वाटते. त्यानंतर शंभर वर्षांनी डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली प्रसिद्ध केले की, त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि पूर्वी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. तोवर आपल्या सामाजिक वैद्यकाच्या पुस्तकांत खेड्यातील स्त्री भेटत असे ती गर्भवती म्हणून, किंवा संततिनियमनाची लक्ष्यपूर्ती म्हणून. हृदयविकाराचा झटका आलेली स्त्री अनेकदा छातीवर मूठ धरत नाही. ‘जीव घाबरा होतोय, पित्त झालंय, हातपाय गळाले’ असे म्हणते आणि आम्लपित्ताची गोळी घेऊन घरी परतते.

अभ्यासक्रमातून अपमान काढून टाकणे किती जिकिरीचे असते तेही पाहा. कौमार्याच्या तथाकथित चिन्हांचा अशास्त्रीय भाग महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने सेवाग्रामच्या एका न्यायवैद्यक प्राध्यापकांच्या अहवालानंतर २०१९ साली वगळला. समलिंगी व्यक्तींविषयी ग्रंथांतील तुच्छतादर्शक मजकुराची मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ साली दखल घेतली आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाने तशी सूचनाही काढली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने बलात्कारपीडितेच्या दोन बोटांच्या चाचणीला गैरवर्तन ठरवून वैद्यकीय अभ्यासक्रम तपासण्याचे फर्मावले. आणि इतके सगळे झाल्यावर २०२४ च्या ऑगस्टअखेरीस आलेल्या नव्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांच्या सदराखाली आणि कौमार्याची चर्चा पुन्हा आपल्या जुन्या जागी हजर! ओरड झाली तेव्हा काही दिवसांतच तो मागे घेतला गेला. कोणी दुष्टबुद्धीने हे केले असे मी मानत नाही; जुना मसुदा समोर ठेवून नवा उतरवून काढण्याची दप्तरी सवय दुष्टबुद्धीहून बळकट असते एवढेच.

रुग्णाच्या भाषेविषयी फार बोलत नाही, कारण त्यावर आपण सारे एकमत आहोत आणि कोणीच काही करत नाही. भामरागडच्या माडिया बाईचा किंवा मेळघाटातील कोरकू म्हाताऱ्याचा इतिहास वॉर्डातील मावशीमार्फत तीन वाक्यांत आटोपणारा विद्यार्थी परीक्षेत तोच इतिहास अस्खलित इंग्रजीत सांगून गुण मिळवतो, यातील विसंगती परीक्षकांना खटकत नाही तोवर दुभाष्याची नेमणूक आणि बोलीचे पाठ या गोष्टी ठरावांतच राहणार.

ग्रंथाबाहेरचा रुग्ण नवे शास्त्र कसे घडवतो, याची दोन उदाहरणे महाराष्ट्राचीच आहेत. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तीन माणसांचे रक्त कोणत्याच ज्ञात गटात बसेना; त्यांनी ते चूक म्हणून फेकून दिले नाही, आणि आज ‘बॉम्बे रक्तगट’ जगभर शिकवला जातो. नेहमीच्या पद्धतीने हे रक्त ‘ओ’ गटाचे वाटते, पण त्या माणसाला ‘ओ’ गटाचे रक्त चढवले तर प्राणावर बेतते, हे रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाला ठाऊक असावे लागते. दुसरे उदाहरण महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे. कोकणात तांबड्या विंचवाच्या दंशाने मुले दगावत होती आणि परदेशी ग्रंथांत त्यावर उपयोगी पडेल असे फारसे काही नव्हते, कारण ग्रंथकर्त्यांच्या गावी तो विंचू नव्हता. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्र रात्र रुग्णाशेजारी बसून बावस्करांनी त्या विषाचा हृदयावरील परिणाम टिपला आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध त्यासाठी वापरून दाखवले. हे ज्ञान महाविद्यालयातून खेड्यात गेले नाही. खेड्यातून ‘लॅन्सेट’मार्गे महाविद्यालयात आले.

तेव्हा विद्यार्थ्याला रुग्णाच्या मुलखात नेले पाहिजे, हे ओघानेच येते. भोर समितीने १९४६ सालीच सामाजिक दृष्टीचा वैद्य घडवण्याची भाषा केली होती; सेवाग्रामच्या महाविद्यालयाने १९६९ पासून विद्यार्थ्यांना खेड्याशी जोडण्याचा प्रघात पाडला; आता कुटुंब दत्तक योजना सर्वत्र लागू आहे. योजनेला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण पहिल्या वर्षाची मुले बसमधून उतरून कुटुंबप्रमुखाचा रक्तदाब मोजतात, वही भरतात आणि जेवणाच्या सुट्टीपूर्वी परत येतात, तेथे दत्तक नेमके कोणी कोणाला घेतले, हे त्या कुटुंबाला विचारले तर सांगता येणार नाही. अंध, बहिऱ्या किंवा चाकाच्या खुर्चीवरच्या रुग्णाला तपासणीच्या टेबलापर्यंत कसे न्यावे, हे तर त्या वहीत नाहीच. आणि दिव्यांग विद्यार्थी स्वतः डॉक्टर होऊ इच्छितो तेव्हा प्रवेशाच्या वेळी आपण त्याच्याकडे ज्या नजरेने पाहतो, तीच नजर विद्यार्थ्यांच्या पुढच्या तुकडीला शिकवून जाते.

विद्यार्थी आपली व्याख्याने विसरतो, परीक्षेत काय विचारले ते मात्र दहा वर्षे विसरत नाही. खरा अभ्यासक्रम प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या कपाटात असतो. सबब मी काही सूचनांचा मसुदा कार्यवाहांच्या स्वाधीन केला आहे. प्रत्येक विषयाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत निदान एक रुग्ण असा असावा की, ज्याच्या बाबतीत ग्रंथातील प्रमाण आकडा लागू का पडत नाही हे विद्यार्थ्याने सांगावे, आणि त्याला गुण असावेत. महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांनी रुग्णांच्या लेखी संमतीने आपल्या सावळ्या त्वचेवरील लक्षणांची छायाचित्रे जमवून ती सर्वांना विनामूल्य खुली करावीत. अभ्यासमंडळाने स्वीकारलेल्या प्रत्येक ग्रंथातील मोजमापांच्या कोष्टकाखाली ते कोणत्या लोकसमूहावरून घेतले याची एक ओळ अध्यापकांनी स्वतः तपासून जोडावी. ज्या कोष्टकाची ती ओळ सापडणार नाही ते परीक्षेत विचारू नये. मौखिक परीक्षेतील किमान एक इतिहास रुग्णाच्या स्वतःच्या भाषेत घेतलेला असावा. अभ्यासमंडळांवर एक तरी जागा गावात किंवा पाड्यावर सेवा करणाऱ्या परिचारिकेला अथवा आशा कार्यकर्तीला द्यावी, हे शेवटचे कलम वादग्रस्त ठरेल अशी मला खात्रीच आहे.

मसुदा दुपारी तीन वाजता विषयनियामक समितीपुढे येईल. परीक्षामंडळांवरील सभासदांनी त्या बैठकीला अवश्य हजर राहावे, कारण त्यांच्या संमतीवाचून यांतील एकही कलम येत्या वर्षी अमलात येणार नाही; आणि ज्यांना या सूचना अव्यवहार्य वाटतील त्यांनी आपली हरकत लेखी द्यावी म्हणजे तिचे उत्तरही लेखी देता येईल. आता कार्यवाहांनी पुढील कामकाज सुरू करावे.